दारची झाडे आणि भूतयज्ञ

घरापुढच्या अंगणात कोणती झाडे लावावीत, हा प्रश्न बहुतेकांना आवडीचा आणि सोयीचा वाटतो. फुलांचा रंग, सावली, पाणी, खर्च आणि पानांचा केर यांचा मेळ बसला की काम झाले, असे धरून रोपांची निवड होते. पण अंगण ही जमीन आहे. त्या जमिनीवर घर येण्याआधीही कोणी ना कोणी राहत होते: गवत, वारूळ, सरड्यांची बिळे, झुडपातली घरटी. पाया खणताना ते सगळे उठवले गेले. त्यामुळे अंगणात काय लावायचे हे ठरवताना, उठवलेल्या या जीवांशी कसे वागायचे हेही ठरत असते. देशी झाडे लावणे हे कर्तव्य आहे का, असल्यास कोणाबद्दलचे, आणि मुळात ‘देशी’ असण्याला नैतिक वजन येते कुठून? भारतीय धर्मपरंपरांत या प्रश्नांवर विचार करायला भरपूर सामग्री आहे, मात्र ती सगळी एका सुरात बोलत नाही.

माणसाने आणून न लावता एखाद्या प्रदेशात पूर्वापार वाढत आलेल्या वनस्पतीला तिथली देशी वनस्पती म्हणतात. इथे प्रदेश म्हणजे राष्ट्राची सीमा नव्हे. सीताअशोक सह्याद्रीच्या दमट रानातला आहे. रत्नागिरीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा पाऊस पडणाऱ्या सोलापूरच्या उन्हात तो तितकासा घरचा नाही. तिथे कडुनिंब, आपटा आणि बोर घरचे. उलट, रोजच्या ओळखीतली कितीतरी झाडे दूरची आहेत. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, गिरिपुष्प आणि सुबाभूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेकडची. देवाच्या कामी येणारी फुलेही याला अपवाद नाहीत. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू अमेरिका खंडातून आला, देवळाच्या आवारातला खुरचाफाही तिकडचाच. सोनचाफा, बकुळ, पारिजातक आणि बेल मात्र इथले.

केवळ जन्मस्थान सांगून ही गोष्ट पुरती समजत नाही. देशीपणाचा खरा अर्थ पानावर दिसतो. रुईचे झुडूप घ्यावे. गावाच्या कडेला, पडीक जमिनीत, भर उन्हात पाणी न घालता ते वाढते. पान तोडले की देठातून पांढरा चीक येतो. तो विषारी असतो, त्यामुळे गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पण पान उलटून पाहिले तर कधी कधी त्यावर एकच एक फिकट, टाचणीच्या डोक्याएवढे अंडे दिसते. ते प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराचे. त्यातून निघणारी अळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, त्यावर पिवळे ठिपके, अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. गुरे टाळतात ते पान ही अळी खाते. एवढेच नव्हे, त्यातले विष अंगात साठवते. पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते विष अंगात राहते, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. रुईच्या फुलांवर मोठे काळे भुंगे येतात आणि त्यांच्या पायांना चिकटून परागांची पुटकुळी पुढच्या फुलाकडे जाते. असे संबंध जुळायला फार मोठा काळ लागतो. ते विकत आणता येत नाहीत आणि नवख्या झाडाला लगेच मिळत नाहीत. कडीपत्त्यावर, लिंबावर, बेलावर दिसणाऱ्या, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या आणि मग हिरव्यागार होणाऱ्या अळ्यांचीही हीच कथा आहे. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉरमॉनही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते.

नांदरुकाचे उदाहरण याहून बोलके आहे. वड, पिंपळ, उंबराच्या या भाऊबंदाचे फूल फळाच्या आत दडलेले असते आणि त्याचे परागण एक ठरावीक बारीकशी गांधीलमाशीच करते. नांदरुक शोभेसाठी फ्लोरिडात आणि हवाई बेटांवर नेले गेले. माशी तिथे नव्हती, तोवर ते निमूट उभे राहिले आणि त्याला रुजणारे बी धरले नाही. पुढे माशी पोहोचली आणि रोपे भिंतींच्या फटींतून, दुसऱ्या झाडांच्या खोडांवर उगवू लागली. इथे पक्ष्यांना पोसणारे झाड तिथे उपद्रवी ठरले. म्हणजे देशीपण हा झाडाच्या अंगचा सद्गुण नाही. झाड आणि जागा यांच्यातले ते नाते आहे, आणि नैतिक विचार करायचा तो या नात्याचा.

पहिला तात्त्विक प्रश्न झाडाच्या स्वतःच्या मोलाचा. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला समजावतो, की मोठ्या झाडाच्या मुळावर, मध्यावर किंवा शेंड्यावर घाव घातला तरी ते जिवंत असेतो रस पाझरते. जीव ज्या फांदीला सोडतो ती वाळते. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज हीच शंका उलट्या बाजूने काढतो: झाडे पाहत नाहीत, ऐकत नाहीत, मग त्यांना सजीव कसे म्हणावे? भृगू एकेक निरीक्षण पुढे ठेवतो. उष्णतेने पाने कोमेजतात म्हणजे स्पर्श आहे, गडगडाटाने फुले-फळे गळतात म्हणजे ऐकू येते, वेल आधार शोधत जाते म्हणजे तिला दिसते. यातली प्रत्येक गोष्ट आजच्या विज्ञानाला मान्य होईल असे नाही. तरी युक्तिवादाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. श्रद्धेचा हवाला न देता भृगू झाड काय करते याकडे बोट दाखवतो.

जैन विचार याहून काटेकोर आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव, त्याला फक्त स्पर्शेंद्रिय. पण जीव तो जीवच. माती, पाणी, अग्नी, वायू यांतही एकेंद्रिय जीव मानलेले असल्याने बाग करणे ही गोष्टच हिंसेपासून मोकळी नाही. खड्डा खणला की मातीतले जीव मरतात. साधूला ही हिंसा वर्ज्य आहे. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, म्हणून तिला मर्यादा घालायला सांगितले आहे. बौद्ध विनयातही भिक्षूने हिरवी वनस्पती तोडणे हा दोष आहे. पावसाळ्यात एका जागी राहण्याचा, म्हणजे वर्षावासाचा, नियम निघाला तोच मुळी लोकांच्या तक्रारीवरून: पावसाळ्यात फिरणारे भिक्षू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, ही ती तक्रार. संघाने ती गंभीरपणे घेतली.

झाड ही निव्वळ वस्तू नव्हे, इथवर या तिन्ही धारांचे एकमत आहे. पण एवढ्याने देशी झाडाला प्राधान्य मिळत नाही. गुलमोहरातही जीव आहे, घाणेरीतही आहे. प्रत्येक जीव सारखा, तर निवड कशाच्या आधारे करायची? इथे गृहस्थधर्मातली एक जुनी कल्पना उपयोगी पडते, आणि या लेखाचा भर तिच्यावर आहे.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत. चूल, दळण-वाटणाचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजच्या वापरात तिथे नकळत जीव मरतात. त्या पापाच्या निरसनासाठी पाच महायज्ञ सांगितले: अध्ययन-अध्यापनाचा ब्रह्मयज्ञ, पितरांसाठी पितृयज्ञ, देवांसाठी देवयज्ञ, अतिथीसाठी मनुष्ययज्ञ आणि सर्व प्राणिमात्रांसाठी भूतयज्ञ. भूतयज्ञाला होमकुंड लागत नाही. शिजवलेल्या अन्नाचा भाग घराबाहेर जमिनीवर ठेवला की तो झाला. कावळ्याला, कुत्र्याला, मुंग्यांना काढून ठेवलेला घास आजही अनेक घरांत दिसतो. या कल्पनेतली नैतिक सूक्ष्मता मोठी आहे. घर चालवणे म्हणजे कोणाचे तरी काहीतरी घेणे, हे ती आधी कबूल करते. त्या घेण्याबद्दल अपराधीपणात बुडून जायला सांगत नाही, आणि दुर्लक्षही करू देत नाही. रोज, थोडे, ठरवून परत करायला सांगते.

हे मान्य करताना त्याच ग्रंथाचा दुसरा भागही नजरेआड करून चालणार नाही. भूतयज्ञाचा भाग कोणासाठी ठेवावा हे सांगताना मनुस्मृती कुत्रे, कावळे आणि किड्यांच्या रांगेत पतित आणि अंत्यज ठरवलेल्या माणसांनाही बसवते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला, तो अशाच अपमानाच्या विरोधात. म्हणून भूतयज्ञाची कल्पना घ्यायची ती ग्रंथाच्या अधिकारावर नव्हे, तर तिच्यातल्या विचाराच्या बळावर, आणि माणसाला जन्मावरून खालच्या पायरीवर ठेवणारी चौकट टाकून. तसे केल्यावर जे उरते ते भक्कम आहे.

पाच हिंसास्थानांच्या यादीत आज सहावे घालावे लागेल: कंपाउंड. उखळ-मुसळ आणि केरसुणीने जितके जीव मरत असतील त्याहून कितीतरी अधिक जीव जमीन सपाट करून तिच्यावर फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवण्याने नाहीसे होतात. पाणी मुरत नाही, मातीत काही उरत नाही. मग परतफेडही तिथेच व्हायला हवी. अंगणातले देशी झाड हा त्या अर्थाने भूतयज्ञ आहे. ज्यांची जागा गेली त्यांना खाता येईल असे काहीतरी त्यावर असते, आणि ते एखाद्या दिवशी ठेवलेल्या घासासारखे संपत नाही. देशी झाडाला प्राधान्य मिळते ते या कारणाने. ते जन्माने श्रेष्ठ म्हणून नव्हे, तर ते इथल्या अधिक जीवांचे अन्न आहे म्हणून. प्लेन टायगरच्या अळीपुढे गुलमोहराचे पान ठेवले तर ती उपाशी मरेल. देणाऱ्याच्या आवडीचे दिले आणि घेणाऱ्याच्या उपयोगाचे नसले, तर ते दान घेणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

या विचारावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. देशी आणि परके अशी भाषा झाडांबद्दल वापरता वापरता ती माणसांबद्दल वापरली जाते. ही भीती काल्पनिक नाही. नाझी जर्मनीत बागांतून आणि रानांतून परकी झाडे हटवून ‘जर्मन’ निसर्ग घडवण्याची मोहीम होती. १९४२ साली सॅक्सनीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने आशियातून आलेल्या, तेरड्याच्या जातकुळीतल्या एका लहानशा झुडपाविरुद्ध निर्मूलनयुद्धाची मागणी केली. त्याच वर्षांत त्याच राजवटीत माणसांच्या निर्मूलनाचे काम चालू होते. शुद्धतेचे वेड बागेत शिरले की ते कुंपणाशी थांबेल याची खात्री कोणी द्यावी?

याचे सगळ्यात नेमके उत्तर पाली साहित्यातल्या वासेट्ठसुत्तात आहे. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा वाद घेऊन दोन तरुण बुद्धांकडे येतात. बुद्ध सुरुवात करतात ती गवत आणि झाडांपासून. मग किडे, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी. या प्रत्येकात जन्मतः वेगवेगळी लक्षणे आहेत, म्हणून त्यांच्या जाती वेगळ्या. माणसांत तशी लक्षणे नाहीत: केस, डोळे, हातपाय सगळ्यांचे सारखे. म्हणून माणसामाणसांतला भेद केवळ नावापुरता. अर्थात, झाडांच्या जातींचा नियम माणसाला लावणे हीच चूक आहे. रुईवरची अळी वडावर जगत नाही, ही वस्तुस्थिती आहे. माणूस कुठल्याही गावात जगू शकतो, ही तितकीच खरी वस्तुस्थिती आहे. देशी झाडांचा आग्रह धरताना हे सुत्त जवळ ठेवावे. शिवाय नातेच मोलाचे मानले, तर ‘परके’ हा शब्दही कायमचा राहत नाही. चिंच मूळची आफ्रिकेची मानतात, पण ती इथे इतकी प्राचीन आहे, इतक्या पाखरांची, वटवाघळांची आणि स्वयंपाकघरांची झाली आहे, की तिला पाहुणी म्हणणे हास्यास्पद होईल.

मग काय उपटावे आणि काय राहू द्यावे? पाश्चात्त्य पर्यावरणनीतीत हा प्रश्न समूह आणि व्यक्ती यांच्यातल्या ताणाच्या रूपात येतो. अमेरिकी वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांचे ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाले. त्यांच्या भूमिनीतीनुसार माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी मिळून बनलेल्या समूहाचे हित ही योग्य-अयोग्याची कसोटी. एकेका रोपाचा जीव त्यात दुय्यम ठरतो. जैन विचार नेमका इथेच अडतो, कारण त्याच्या लेखी समूहाला वेदना नसते, ती एकेका जीवाला असते. यातली एक बाजू पूर्ण बरोबर असे म्हणता येत नाही, पण दोन्ही बाजूंचा मान राखणारा निर्णय घेता येतो. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. तिची फळे बुलबुलांनी खाल्ली, बिया रानोरान पडल्या, आणि आज देशभरातल्या जंगलांत ती खालचे गवत आणि रोपटी उगवू देत नाही. अशी वनस्पती अंगणातून काढणे योग्य आहे, कारण तिची हद्द अंगणापुरती राहत नाही. चाळीस वर्षांचा गुलमोहर मात्र कोणाचे रान बळकावत नाही. त्याच्या फांदीवर कावळ्याचे घरटे असेल, खाली कोणी भाजी विकत बसत असेल. तो आयुष्य संपेतो उभा राहावा आणि त्याच्या शेजारी ताम्हण किंवा बहावा लावावा. देशीपणाच्या नावाखाली मोठी झाडे पाडणे हा भूतयज्ञ नव्हे.

एक अवघड जागा पूजेचीही आहे. देवाला वाहायचे पान अखंड लागते. बेलाचे पान त्रिदल हवे, किडलेले किंवा भोक पडलेले चालत नाही. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घातली जाते, ती पानेही धड निवडलेली असतात. भूतयज्ञाच्या बाजूने पाहिले तर खाल्लेले पान हीच झाडाची सार्थकता. अळीने कुरतडलेला बेल पाहून फवारणीचा पंप शोधणारा गृहस्थ एका यज्ञासाठी दुसरा मोडतो. पण परंपरेतच यावरची सोय आहे. वाहिलेले बेलपत्र धुऊन पुन्हा वाहता येते, ते शिळे होत नाही, असा संकेत आहे. तुळस द्वादशीला तोडत नाहीत. संध्याकाळनंतर झाडाला हात लावत नाहीत. पारिजातकाची फुले जमिनीवर पडलेलीच वेचतात, आणि एरवी पडलेले फूल पूजेला वर्ज्य असताना याला मुभा आहे. या नियमांमागचे धार्मिक कारण प्रत्येक ठिकाणी वेगळे सांगितले जाते, पण त्या सगळ्यांचा परिणाम एकच होतो: झाडाकडून घेण्याला हद्द पडते. दसऱ्याला आपट्याच्या आणि आपटा मिळेना म्हणून कांचनाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात, तेव्हा हीच हद्द सुटलेली असते.

अंगणाची मांडणी या विचारातून करायची तर नक्षीपेक्षा थर महत्त्वाचे. एखादे मध्यम झाड, त्याखाली झुडपे, जमिनीलगत गवत आणि औषधी. कोकणात बकुळ किंवा सुरंगी, देशावर आपटा किंवा बहावा. झुडपांत धायटी, कारण थंडी सरताना तिच्या लाल फुलांवर शिंजीर येतात. कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी. शेळ्या त्यांना फारशा तोंड लावत नाहीत आणि छाटल्यावर दाट फुटतात. पाण्याच्या बाबतीत पहिली दोन-तीन वर्षे सोडली तर यांना पावसावर सोडता येते.

पानांच्या केराचा प्रश्न मात्र नुसता बागकामाचा नाही. सकाळी झाडून सडा घातलेले, रांगोळी काढलेले अंगण हे मराठी घराच्या नीटनेटकेपणाचे आणि पावित्र्याचे लक्षण मानले जाते, आणि ते योग्यही आहे. पण झाडाखाली पडलेल्या पानांतच कोष विसावतात, गोमा आणि गांडुळे राहतात, माती तयार होते. केरसुणी हिंसास्थानांत गणली गेली ती काही उगाच नाही. उंबरठ्यापासून फाटकापर्यंतची वाट आणि तुळशीपुढची जागा रोज झाडावी, झाडांखालची पाने तिथेच राहू द्यावीत. गोळा केलेली पाने जाळणे हे तर धर्म आणि आरोग्य या दोन्ही दृष्टींनी वाईट.

देवराईशी तुलना केली की अंगणाची मर्यादा समजते. सह्याद्रीतल्या देवरायांचा माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यास केला. अनेक राईंत वाळलेली काटकीही न उचलण्याचा दंडक होता. तिथे मालक देव असतो आणि माणूस हात आवरतो. अंगणात मालकाचे नाव सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर असते आणि तो हात चालवतो. ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र सारे जग ईश्वराने व्यापलेले मानून, त्यागपूर्वक भोगायला सांगतो. त्या दृष्टीने दोन्ही जागा एकाच मालकाच्या, फक्त अंगणात वहिवाटीची मुभा दिलेली आहे. सोसायटीच्या आवारात ही वहिवाट अनेकांची असते आणि निर्णय कमिटीच्या बैठकीत होतो. तिथे एकट्याने रोप लावण्यापेक्षा बागेच्या कंत्राटात फवारणी बंद करवून घेणे अधिक जीवांच्या उपयोगाचे ठरते.

रोपे कुठून आणावीत, हेही या विचारातच येते. देशी झाडांची आवड वाढली तशी रानातली आमरी आणि झुडपे मुळासकट उपटून आणण्याची सवयही दिसू लागली आहे. मृगाच्या सुमाराला वनविभागाच्या रोपवाटिकांत देशी रोपे मिळतात. बहावा, आपटा, करंज यांच्या शेंगा रस्त्याकडेच्या झाडांखाली उन्हाळ्यात पडलेल्या असतात. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने त्या घासून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेराव्या लागतात. रानातून उपटलेल्या रोपाने रानातल्या अळीचा घास जातो, आणि भूतयज्ञाचा हिशेब पुन्हा ऋणात जातो.